जसा आहे तसा : बिल विदर्सच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेविषयी

एखाद्या काव्यसंग्रहातील एकच कविता पाठ्यपुस्तकात जाते, स्नेहसंमेलनांतून म्हटली जाते, निरोपसमारंभाच्या भाषणांत तिच्या ओळींची पेरणी होते, आणि पाहता पाहता मूळ संग्रह कोणाच्या स्मरणातही राहत नाही. कवीचे नाव सर्वतोमुखी होते. त्याची कविता मात्र वाचली जात नाही. कीर्तीचा हा प्रकार अनुल्लेखापेक्षा फसवा आहे. उपेक्षित पुस्तक कोणी तरी जिज्ञासेने उघडून पाहण्याचा संभव असतो. ज्याच्याविषयी 'ते तर आपल्याला ठाऊकच आहे' असे वाटते, ते उघडण्याची बुद्धी सहसा होत नाही.

अमेरिकन गायक बिल विदर्स याच्या 'जस्ट ॲज आय ॲम' या १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे असेच झाले आहे. तिच्यातील 'एन्ट नो सनशाइन' हे दोन मिनिटांचे गीत आज पृथ्वीच्या पाठीवर कोठेही ऐकू येते. १९७२ मध्ये त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी मायकेल जॅक्सनने ते आपल्या संग्रहात गायिले. २०२४ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांत त्याची नोंद केली. नोंद झाली ती गीताची. ज्या बारा गीतांच्या संगतीत ते जन्मले, त्या संगतीचा विचार करणारे मात्र थोडे. हे गीत मूळ जागी, पहिल्या बाजूवरील दुसऱ्या क्रमांकावर ठेवून, त्याच्या आगेमागे काय आहे हे ऐकले असता गीताचा अर्थ तर पालटतोच, पण कलावंत आणि त्याचा चरितार्थ यांच्या संबंधाविषयी आपल्या मनात रुजलेल्या काही समजुतीही तपासून पाहाव्या लागतात. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

प्रथम या गायकाची हकीकत थोडक्यात सांगणे अवश्य आहे. कारण आपल्याकडील पुष्कळ रसिकांना त्याचा आवाज परिचित असला, तरी माणूस परिचित नाही. विदर्सचा जन्म ४ जुलै १९३८ रोजी वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील स्लॅब फोर्क या कोळशाच्या खाणीभोवती वसलेल्या लहानशा गावी झाला. सहा भावंडांत तो सर्वांत धाकटा. पुढे तो जवळच्याच बेक्ले या गावी वाढला. तेरा वर्षांचा असताना वडील वारले. लहानपणापासून त्याला अडखळत बोलण्याची व्याधी होती आणि ती पुष्कळ वर्षे सुटली नाही. शिक्षण संपताच तो नौदलात भरती झाला व तेथे नऊ वर्षे राहिला. १९६७ मध्ये तो लॉस एंजेलिसला आला आणि विमानांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांतून जोडारी करू लागला. शेवटच्या कारखान्यात त्याच्या वाट्याला आलेले काम होते प्रवासी विमानांतील शौचकूप तयार करण्याचे. एका क्लबमध्ये लू रॉल्स हा गायक उशिरा येत असतानाही त्याला आठवड्याला दोन हजार डॉलर मिळतात, हे ऐकल्यावर तासाला तीन डॉलर मिळविणाऱ्या आपण गहाणवटीच्या दुकानातून एक गिटार विकत आणली आणि ती वाजवावयास शिकलो, असे तो पुढे सांगत असे. पहिली ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. बत्तीस हे वय गायनाच्या धंद्यात पदार्पणाचे नव्हे. आपल्यासारख्यांच्या हिशेबाने पाहिले, तर नोकरीत कायम होऊन, एक-दोन बदल्या भोगून, माणूस आता आहे तेथेच राहणार असे आप्तेष्टांनी ठरवून टाकलेले असते, ते हे वय.

ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. कारखान्याच्या विटांच्या भिंतीशी साध्या कपड्यांत उभा असलेला विदर्स, आणि त्याच्या हातात जेवणाचा डबा. हे छायाचित्र ज्या कारखान्यात तो काम करीत होता तेथेच, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत घेतलेले आहे. वर नाव 'जस्ट ॲज आय ॲम', म्हणजे 'जसा आहे तसा'. शार्लट एलियट या इंग्रज कवयित्रीने १८३५ मध्ये रचलेल्या एका सुप्रसिद्ध ख्रिस्ती प्रार्थनागीताचेही हेच नाव. ईश्वरापुढे कोणतेही सोंग न घेता जाण्याची भावना त्या प्रार्थनेत आहे. येथे तेच शब्द एका कामगाराच्या डब्याशेजारी येऊन बसले आहेत. त्या काळी सोल संगीताच्या गायकांची छायाचित्रे रेशमी सदरे आणि प्रकाशझोत यांनी सजलेली असत. त्या सजावटीत हा डबा सरळपणे येऊन उभा राहिला.

१९७१ हे वर्ष त्या संगीताच्या इतिहासात असाधारण होते. मार्विन गेची 'व्हॉट्स गोइंग ऑन' ही ध्वनिमुद्रिका त्याच मे महिन्यात आली. आयझॅक हेजचे 'शाफ्ट' त्याच वर्षीचे. स्ली स्टोन व त्याच्या मंडळींची 'देअर्ज अ रायट गोइंग ऑन' त्याच वर्षाअखेरची. गे याच्या रचनेत तंतुवाद्यांचे थर एकावर एक चढत जातात. हेज विशाल वाद्यवृंद उभारतो. स्ली स्टोन फंक संगीताचा ठेका घट्ट, गढूळ आणि अस्वस्थ करून टाकतो. या तिघांच्याही मानाने विदर्सचे सामान अगदी तुटपुंजे वाटते. एक साधी गिटार, मोजके ड्रम, बेस गिटार, अधूनमधून ऑर्गन, क्वचित व्हायोलिने. परंतु ही साधेपणाची निवड अडाणीपणातून आलेली नव्हती. निर्माता होता बुकर टी. जोन्स. मेम्फिस शहरी स्टॅक्स कंपनीच्या असंख्य गीतांना साथ देणाऱ्या 'बुकर टी. अँड द एम. जीज' या वादकसंचाचा तो प्रमुख. त्याच संचातील डोनाल्ड 'डक' डन व ड्रमवादक अल जॅक्सन हेही येथे आहेत. गिटारीवर स्टीफन स्टिल्स आहे. पैशाच्या अडचणीमुळे काम मध्येच सहा महिने रखडले होते. अशा कसलेल्या मंडळींनी मिळून एका नवख्या माणसासाठी काय केले? त्यांनी त्याच्याभोवती जागा मोकळी ठेवली. सोबतीला बसलेल्या वादकाची खरी कसोटी तो काय वाजवीत नाही यात असते, हे आपल्याकडील तबलजींना सांगावयास नको.

आता प्रत्यक्ष गीतांकडे वळू. 'हार्लेम' या पहिल्या गीतात न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीयांच्या वस्तीचे चित्र आहे : उन्हाळ्याची रात्र, हिवाळ्याची रात्र, शनिवारची मौज, रविवारचे प्रार्थनामंदिर. प्रत्येक कडव्याबरोबर स्वर एकेक पायरी वर चढतो. त्यामुळे वर्णनातील ऋतू आणि वार बदलत असताना श्रोत्याला एखाद्या अरुंद इमारतीचे मजले चढत असल्याचा भास होतो. वस्तीची दुःस्थिती सांगितली आहे, पण तक्रारीच्या सुरात नाही. तेथील लोक जसे जगतात तसे जगताना दाखविले आहेत. आणि या गजबजाटाच्या पाठोपाठ, जणू त्याच इमारतीतील एका खोलीचे दार लोटून, 'एन्ट नो सनशाइन' सुरू होते. सुटे ऐकताना हे केवळ एक विरहगीत वाटते. 'हार्लेम'नंतर ऐकताना तो एका विवक्षित खोलीतला, विवक्षित माणसाचा एकांत होतो.

या गीताची प्रेरणा 'डेज ऑफ वाइन अँड रोझेस' या १९६२ च्या चित्रपटातून मिळाली, असे विदर्सने सांगितले आहे. मद्याच्या आहारी गेलेल्या जोडप्याची ती कथा. म्हणजे जी निघून जाते ती हितकारकच होती असे नव्हे; आपल्याला अपायकारक असलेल्या गोष्टीचाही विरह माणसाला होतो, हा या गीताचा गाभा आहे. तो ध्यानात घेतला म्हणजे गीताच्या मध्यभागाचे मर्म उलगडते. तेथे साथ जवळजवळ थांबते, केवळ तालाचा आधार उरतो, आणि गायक 'जाणीव आहे' अशा आशयाचे दोनच शब्द एका दमात २६ वेळा उच्चारतो. त्या जागी पुढे आणखी ओळी लिहावयाच्या असे त्याने योजिले होते. पण आहे तसेच राहू दे, असा सल्ला बुकर टी. जोन्सने दिला आणि कारखान्यातून आलेल्या या माणसाने तो मानला. निव्वळ योगायोग म्हणून या गोष्टीची बोळवण करता येणार नाही. कळते पण वळत नाही, ही अवस्था शब्दांनी समजावून देण्यासारखी नसतेच. समजूत पटलेली असूनही तीच समजूत पुनःपुन्हा स्वतःला घालीत राहणे, हेच तिचे रूप. पुनरुक्तीला आपले जुने साहित्यशास्त्र दोष मानते; येथे ती अनुभूतीचा घाटच होऊन बसली आहे. जो मनुष्य बालपणी बोलताना अडखळत होता, त्याच्या मुखी ही पुनरावृत्ती यावी, यातला योग कोणाला हृदयस्पर्शी वाटेल. पण गीताची थोरवी त्यावर अवलंबून नाही. अडखळणे येथे तालात आहे, आणि ताल कोठेही सुटलेला नाही.

तिसरे गीत 'ग्रँडमाज हँड्स'. माझ्या मते ध्वनिमुद्रिकेचे हृदय येथे आहे. आजीचे चरित्र नाही, तिचा चेहरा नाही, तिचे बोलणेही फार थोडे. आहेत ते फक्त तिचे हात. रविवारी प्रार्थनेत टाळ्या देणारे, खंजिरी वाजविणारे, कधी दुखणारे व सुजणारे, पडलेल्या नातवाला उचलणारे, आणि त्याला मारू नकोस म्हणून त्याच्या आईला आवरणारे हात. एका अवयवातून सगळा माणूस उभा करण्याची ही रीत आपल्या ओवीला अपरिचित नाही. जात्यावरच्या बाईने आपल्या आईचे रूप अनेकदा असेच एखाद्या बांगडीतून वा पदरातून सांगितले आहे. परंतु साम्य यापुढे ताणू नये. विदर्सचे गीत लिहिणारा प्रौढ पुरुष आहे, गाव सोडून हजारो मैल दूर गेलेला आहे, आणि आपण काय गमावले हे त्याला पक्के ठाऊक आहे. गीताच्या प्रारंभी शब्दांवाचून जे गुणगुणणे येते, तेच पुढे १९९६ मध्ये 'ब्लॅकस्ट्रीट' या गायकसंचाने आपल्या 'नो डिगिटी' या लोकप्रिय गीतात उचलून घेतले. तरुण श्रोत्यांच्या एका पिढीने आजीच्या हातांचा हा सूर असा, आजीशिवायच, ऐकला.

दुसऱ्या बाजूची सुरुवात 'होप शील बी हॅपियर' या गीताने होते. सोडून गेलेल्या स्त्रीला सुख लाभो अशी इच्छा करणे सोपे. ती इच्छा मनापासून करणे किती अवघड, हे हे गीत सांगते. येथे गती इतकी संथ आहे की दोन स्वरांमधील शांतता हाही रचनेचा भाग होतो. १९७४ मध्ये किन्शासा येथील महोत्सवात हेच गीत त्याने गिटारीवर गायिले. 'सोल पॉवर' या २००८ च्या अनुबोधपटात ते पाहावयास मिळते. 'आयम हर डॅडी'मध्ये आपल्याला सहा वर्षांची एक मुलगी आहे हे उशिरा कळलेला बाप त्या मुलीच्या आईला प्रश्न विचारीत जातो. सगळे गीत प्रश्नांनीच भरलेले. उत्तर एकही नाही. आणि शेवटी 'बेटर ऑफ डेड' : मद्यपी नवरा, सोडून गेलेली बायकामुले, आणि गीत संपता संपता पिस्तुलाचा बार. दुसऱ्या क्रमांकाच्या गीतातील खोलीत जो एकटा बसला होता, त्याचीच एक संभाव्य अखेर बाराव्या गीतात येते. ही संगती ध्यानात आली म्हणजे 'एन्ट नो सनशाइन'चे हळुवार माधुर्य पुन्हा पूर्वीसारखे निर्धास्तपणे चाखता येत नाही.

गुणांबरोबर उणिवाही नमूद करणे समीक्षेचे कर्तव्य होय. फ्रेड नीलचे 'एव्हरीबडीज टॉकिन' आणि बीटल्सचे 'लेट इट बी' ही परक्यांची दोन गीते येथे घेतली आहेत. दुसऱ्याला त्याने चर्चमधील टाळ्यांचा उत्साही ठेका दिला आहे हे खरे. तथापि स्वतःच्या अनुभवाबाहेर पाऊल टाकताच त्याच्या आवाजातील निश्चय कमी पडतो. 'मोनिन अँड ग्रोनिन' त्या काळच्या सर्वसाधारण प्रेमगीतांहून फारसे वेगळे नाही. 'बेटर ऑफ डेड'मधील पिस्तुलाचा आवाज मला अनावश्यक वाटतो. ज्याने संपूर्ण ध्वनिमुद्रिकेत सूचनेवर भिस्त ठेवली, त्याने अखेरच्या क्षणी श्रोत्यावर अविश्वास दाखविला. नाटकातील मृत्यू पडद्याआड झाला असता तर अधिक भेदक ठरला असता.

मर्ढेकरांनी 'वाङ्मयीन महात्मता' या १९४१ च्या पुस्तकात आत्मनिष्ठेचा निकष मांडला. लेखकाने आपल्या अनुभवाशी प्रामाणिक राहावे, यावर त्यांचा भर होता. त्यावर एक आक्षेप घेण्यात येतो : लेखकाच्या मनात काय होते हे वाचकाने ताडावे कसे? आक्षेप रास्त आहे. विदर्सचा डबा पाहून त्याला प्रामाणिक ठरविणे हा भाबडेपणा होईल. डबा छायाचित्रासाठीही हाती धरता येतो. आत्मनिष्ठेचा पुरावा कलाकृतीतच सापडावयास हवा, आणि तो येथे सापडतो. जेथे चार ओळी घालून शोभा आणता आली असती तेथे दोन शब्दांवर थांबणे, जेथे आजीचे संपूर्ण गुणगान करता आले असते तेथे हातांपलीकडे न जाणे, जेथे बापाला उत्तर देऊन श्रोत्याला दिलासा देता आला असता तेथे प्रश्न तसाच ठेवणे : हे सर्व निर्णय एकाच वृत्तीचे आहेत. आपल्याला जेवढे ठाऊक आहे तेवढेच म्हणावयाचे, ही ती वृत्ती. 'डू इट गुड' या गीतात तो गाता गाता बोलू लागतो आणि नवख्या माणसाचे भय अन् त्याला मिळालेला धीर उघडपणे सांगतो. तेथे ही वृत्ती त्याने स्वतःच बोलून दाखविली आहे.

येथे मूळ प्रश्नाशी येतो. कलेला अवकाश हवा, निश्चिंती हवी, पोटाच्या धंद्याने प्रतिभा कोमेजते, असे आपण गृहीत धरून चालतो. बृहन्महाराष्ट्रात नोकरीनिमित्त विखुरलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या टेबलाच्या खणात एखादी अपुरी कथा वा कवितांची वही पडून असते. निवृत्तीनंतर पाहू, या आश्वासनावर ती पडून राहते. विदर्सची हकीकत या आश्वासनाला सुरुंग लावते. ही गीते रचणारा मनुष्य पाळीवर जात होता. गायनाचा धंदा बेभरवशाचा म्हणून हातची नोकरी टाकण्यास तो राजी नव्हता. मात्र याचा अर्थ श्रमाने कला उपजते असा कोणी लावू नये. कारखान्याने त्याला गीत दिले नाही. शौचकूप जोडणाऱ्या सहस्रावधी हातांतून गीत उमटले नाही. गीत अवश्य सोन्याचे झाले. तेव्हा कंपनीने त्याला सोनेरी शौचासन भेट दिले, हा विनोद तेवढा कारखान्याच्या खात्यावर जमा. वेतनाने त्याला दिली ती दुसरीच वस्तू : कोणाला खूष करण्याची गरज नसण्याचे स्वातंत्र्य. गीत विकले गेले नाही तरी शुक्रवारी पगार होणार होता. म्हणून तो दोन शब्दांवर थांबू शकला.

पुढील इतिहास याचीच दुसरी बाजू दाखवितो. १९७२ च्या 'स्टिल बिल'मधील 'लीन ऑन मी' हे गीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. १९७५ मध्ये मूळ कंपनी बुडाली व तो एका बलाढ्य कंपनीकडे गेला. तेथे इतरांनी गाजविलेली गीते गावी, शिंगवाद्ये घालावीत, अशा सूचना होऊ लागल्याचे त्याने पुढे कडवटपणे सांगितले आहे. १९७८ नंतर त्याची पुढची ध्वनिमुद्रिका थेट १९८५ मध्ये आली, आणि ती शेवटची ठरली. त्यानंतर तो जवळजवळ पस्तीस वर्षे जगला. २०१५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्टीव्ही वंडरच्या हस्ते त्याचा सन्मान झाला. ३० मार्च २०२० रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी तो निवर्तला. या साऱ्या काळात व्यासपीठावर परतण्याची त्याला निकड भासली नाही. पूर्णवेळ कलावंत झाल्यावर ज्याचे बोलणे इतरांच्या संमतीवर अवलंबून राहिले, त्याने न बोलणे पत्करले. या मौनाला कोणी पराभव म्हणतील. मला ते पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील संयमाचेच शेवटचे कडवे वाटते. जे आपले नाही ते म्हणावयाचे नाही, हा नियम त्याने स्वतःच्या कीर्तीलाही लावला.

आज ही बारा गीते क्षणात हाताशी येतात. त्यासाठी कोणाच्या संग्रहाची वा दुर्मीळ तबकडीची वाट पाहावी लागत नाही. पण सहज मिळते म्हणूनच ती सुटी सुटी ऐकली जातात, आणि यंत्र आपल्या मर्जीने त्यांची उलथापालथ करते. रसिकांनी एकदा तरी ती मूळ क्रमाने, मध्ये न थांबता ऐकावीत. सगळी मिळून जेमतेम पस्तीस मिनिटांची. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत डबा आटोपून टेबलाशी परतण्याआधी संपतील इतकी.